चोवीस ग्रॅमचं विमान

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ‘माझा छंद’ या कार्यक्रमात सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पंचवीस मिनिटं दिली आहेत. बँकेत अडतीस वर्षं काढल्यामुळे वेळेवर काउंटर बंद करायची सवय आहे, तेव्हा काळजी नसावी.

आधी हे विमान पहिल्या रांगेपासून फिरवायला देतो. चिमटीत धरू नका, कागद फाटेल. तळहात पसरा आणि त्यावर घ्या. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १८ इंचांहून थोडा जास्त आहे. वजन २४ ग्रॅम. पाच रुपयांची चार नाणी हातावर घेतली की साधारण एवढंच भरतं. पहिल्यांदा हातात घेणारा माणूस हमखास वर बघतो, विमान खरंच हातावर आहे ना म्हणून. यात मोटर नाही, बॅटरी नाही. बाल्साच्या काड्या, टिश्यू कागद, फेव्हिकॉल, थोडी तार, आणि पोटात पीळ दिलेलं रबर. एवढ्यावर ते उडतं.

हा नाद मला लागला पुण्यात कॉलेजला असताना, एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये. तिथे एरोमॉडेलिंग हा रीतसर विषय असायचा. पुढे नोकरी, बदल्या, संसार. कोल्हापूर, जालना, भंडारा, जिथे गेलो तिथे लाकडी फळी आणि टाचण्यांचा डबा बरोबर गेला. सौ. म्हणायची, लोकांच्या बदलीच्या ट्रकमध्ये फ्रीज असतो, आपल्या ट्रकमध्ये विमानतळ.

आता हे विमान कोणतं, ते सांगतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि तिथून मुंबईत जुहूला उतरले. पुढे जी एअर इंडिया झाली, तिची ही सुरुवात. त्या दिवशी त्यांनी चालवलं ते डी हॅविलँड कंपनीचं ‘पुस मॉथ’. १९८२ साली, पन्नास वर्षं झाली म्हणून, वयाच्या ७८व्या वर्षी जेआरडींनी तीच वाट पुन्हा उडून काढली, त्या वेळी ‘लेपर्ड मॉथ’मधून. मी आत्ता ७४चा आहे, म्हणजे मला अजून चार वर्षं सवलत आहे.

पुस मॉथच का निवडलं? कारण त्याची बांधणी आमच्या खेळण्यासारखीच होती. अंग पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचं, पंख लाकडी फासळ्यांचे, आणि वरून ताणून बसवलेलं कापड. आमच्याकडे नळीच्या जागी बाल्साची काडी आणि कापडाच्या जागी कागद. म्हणजे मुलं जे बांधतात ती नुसती बाहेरून दिसणारी नक्कल नसते, आतली हाडंसुद्धा जवळपास तीच असतात.

खऱ्या पुस मॉथचा पंख ३६ फूट ९ इंच, म्हणजे ४४१ इंच. त्याला २४ने भागलं की आपले १८ इंच आणि वर थोडे. इथपर्यंत सोपं आहे. आता वजन बघा. भरलेलं पुस मॉथ ९३० किलोचं. लांबी २४ पट कमी केली तर वजन किती पट कमी होईल? सतरंजीवरचे गप्प बसा, तुम्हाला माहीत आहे. खुर्चीवरच्यांना विचारतोय. चोवीस पट नव्हे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही २४ पटीने कमी झाल्या, म्हणजे २४ गुणिले २४ गुणिले २४, अर्थात १३,८२४ पट. ९३० किलोला १३,८२४ने भागलं की साधारण ६७ ग्रॅम येतात.

मग ६७ ग्रॅम चालत असताना आम्ही २४वर का अडून बसलो? रबर धरून ३० म्हणा. याचं कारण वेग. खरं विमान ताशी १७० किलोमीटरच्या आसपास आरामात चालायचं. त्याच्या हिशेबाने ६७ ग्रॅमचं हे बाळ ताशी ३५ किलोमीटरच्या वेगाने जाईल. आपल्या गेटसमोरून स्कूटर जाते तेवढा वेग. तेवढ्या वेगाने ओढायला रबरात दम नाही, आणि कशाला धडकलं तर सुपलीत भरून घरी आणावं लागेल. म्हणून वजन निम्म्याहून कमी करायचं. सगळी कारागिरी या ‘निम्म्याहून कमी’मध्ये आहे.

हे गणित राइट बंधूंनासुद्धा लहानपणी अंगावर आलं होतं. १८७८ साली त्यांच्या वडिलांनी त्यांना एक उडतं खेळणं आणून दिलं, बांबू, बूच, कागद आणि रबर यांचं. मूळ कल्पना आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाची. या पेनोने १८७१च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या तुइलरी बागेत पिळाच्या रबरावरचं विमान ११ सेकंद उडवून दाखवलं होतं. चाळीस मीटर गेलं ते. माणूस बसलेलं पहिलं विमान उडायच्या बत्तीस वर्षं आधी. तर राइटांच्या पोरांनी त्या खेळण्याच्या नकला स्वतः बनवल्या. लहान नकला उडाल्या, मोठ्या उडेनात. दुप्पट मोठं केलं तर आठपट ताकद लागते, हे त्यांना पुढे समजलं. खेळणं विकत मिळालेलं होतं, पण हा धडा मिळाला तो स्वतः बनवायला बसल्यावर.

विमान परत आलं का? इकडे द्या. आता लाकडाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे.

बाल्साचं झाड दक्षिण अमेरिकेत होतं, मुख्यतः इक्वेडोरमध्ये. भराभर वाढतं, सहा-सात वर्षांत तोडीला येतं. स्पॅनिश भाषेत बाल्सा म्हणजे तराफा. १९४७ साली थोर हेयरडालने बाल्साच्या ओंडक्यांचा ‘कॉन-टिकी’ तराफा बांधून पेरूहून पॉलिनेशिया गाठलं, १०१ दिवसांत. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘मॉस्किटो’ बाँबरच्या अंगात दोन पातळ प्लायवुडच्या मधे बाल्साच भरलेला होता. आणि अलीकडे बाल्साचे भाव चढले ते कशामुळे? पवनचक्क्यांमुळे. चाळकेवाडीच्या पठारावर दिसतात तसल्या प्रचंड पात्यांच्या गाभ्यात बऱ्याच ठिकाणी हे लाकूड वापरतात. २०२०च्या सुमाराला जगभर टंचाई झाली, आणि आम्ही खेळणीवाले रांगेत मागे ढकलले गेलो.

आपल्याकडे हलकं काही नाही असं नाही. बाशिंगं आणि मखरं ज्याची करतात ते भेंड बाल्सासारखं हलकं वाटतं, पण त्याला ताण सोसत नाही, वाकवलं की तुटतं. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याची होत, तो खेळण्याला उत्तम, पण आमच्या कामाला जड. बांबूची कामटी चिवट आहे, ती आम्ही चाकांच्या पायाला वापरतो. बाकी बाल्साला पर्याय मला पन्नास वर्षांत सापडला नाही.

पण बाल्सा म्हणजे सगळा एकसारखा असतो, हा समज पहिल्यांदा काढून टाका. एक इंचाचा सोळावा भाग जाड, तीन इंच रुंद आणि तीन फूट लांब अशी पट्टी असते. दिसायला दहा पट्ट्या सारख्या. काट्यावर ठेवा. एक साडेदहा ग्रॅमची निघते, दुसरी एकवीसची. किंमत तीच. दुकानात मी सोनाराच्या काट्यासारखा खिशातला छोटा काटा घेऊन जातो आणि पट्ट्या वजन करून निवडतो. दुकानदाराला राग येतो. येऊ दे. नोटा मोजून घेतल्याशिवाय मी कधी पावती फाडली नाही.

वजनानंतर रेषा बघायच्या. झाडाच्या खोडातून पट्टी कोणत्या दिशेने कापली आहे, त्यावर तिचा स्वभाव ठरतो. एक जात असते ती आडवी सहज वळते, नळीला गुंडाळता येते. दुसरी असते तिच्यावर तिरप्या उजेडात माशाच्या खवल्यांसारखे ठिपके चमकतात. ती वळत नाही, वळवली तर चिरते, पण ताठ राहते. फासळ्यांना ही दुसरी. अंगाच्या लांब काड्यांना आणखी वेगळी, थोडी जड आणि चिवट, कारण भार त्यांच्यावर असतो. म्हणजे नुसतं हलकं निवडणं हेही बरोबर नाही. शेपटीला सगळ्यात हलकं, नाकाला जरा जड चालेल. शेपटीत एक ग्रॅम वाढला की तोल साधायला नाकात अडीच-तीन ग्रॅम माती चिकटवावी लागते. व्याजावर व्याज, दुसरं काय!

आमची एक वही आहे. डावीकडे भागाचं नाव, उजवीकडे वजन, रोजच्या रोज. या विमानाचा हिशेब असा: पंख ६, अंग ७, शेपूट दीड, चाकं आणि तारा अडीच, पंखा साडेतीन, कागद आणि वार्निश २, नाकातली माती दीड. बेरीज २४. दोन्ही पंखांत मिळून २२ फासळ्या आहेत, त्या बावीसही एकत्र ठेवल्या तर दीड ग्रॅम भरतात.

आता एक गोष्ट सांगतो, जी कमिटीतल्या काही जणांना माहीत नाही. गेल्या दीड वर्षापासून माझ्या उजव्या हाताला कंप आहे. चहाचा कप धरता येतो, ब्लेड धरता येत नाही. तुम्ही आत्ता ज्या विमानाचं कौतुक केलंत, त्यातली एकही फासळी मी कापलेली नाही. ती या समोरच्या पाच जणांनी कापली आहे. सगळ्यात मोठी नववीत आहे, सगळ्यात लहान पाचवीत. माझं काम खुर्चीत बसून ‘वजन कर’ म्हणायचं.

तयार किट मिळतं. लेझरने कापलेले भाग, नंबर घातलेले, चिकटवले की झालं. माझा त्याला विरोध नाही, पहिलं विमान तसंच करावं. पण दुसरं कोऱ्या कागदापासून करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही तीन बाजूंच्या चित्रावरून सुरुवात केली, वरून, बाजूने आणि समोरून. ते आलेखाच्या कागदावर मोठं करायला मुलांना तीन रविवार लागले. मग नकाशा सॉफ्ट बोर्डवर लावायचा, वर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर काड्या टाचण्यांनी अडकवून चिकटवायच्या. टाचणी काडीतून नाही टोचायची, दोन्ही बाजूंनी टेकवायची. अंगाची डावी आणि उजवी बाजू एकावर एक बांधायची, म्हणजे जुळी होते. फासळीचा एक नमुना पत्र्याचा करायचा आणि ब्लेड त्याच्या कडेने फिरवायचं. टोकाच्या फासळ्या लहान होत जातात, त्या एकेक काढाव्या लागतात. फेव्हिकॉल पाणी घालून पातळ करायचा आणि काडीच्या टोकाने लावायचा. थेंब दिसला की पुसायचा, कारण डिंकालाही वजन असतं.

आमच्या नववीतल्या मुलीने एक दिवस विचारलं, “आजोबा, पंखाच्या तिरक्या दांडीला ही बारकी काडी कशाला? काढू या ना, वजन वाचेल.” प्रश्न बरोबर होता, मी शिकवलेलंच ती मला परत देत होती. पण त्या काडीमागे इतिहास आहे. सुरुवातीच्या पुस मॉथ विमानांना एकामागून एक जीवघेणे अपघात झाले. हवेतच पंख मोडत होते. बरीच तपासणी झाली तेव्हा कळलं, की वादळी हवेत विशिष्ट परिस्थितीत पंखावर न झेपणारा ताण येतो. उपाय म्हणून त्या तिरक्या दांडीला एक छोटी जोडदांडी बसवली. तीच ही काडी. मी हे सांगितल्यावर ती काही बोलली नाही. काडी काट्यावर ठेवली. काट्याने शून्य दाखवलं, एवढी हलकी. मग तिने ती चिकटवली आणि वहीत तिच्यापुढे ‘०’ लिहिलं. वही इथे आहे, कोणाला बघायची असेल तर.

कागद चढवणं हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. टिश्यूलाही आडवं-उभं असतं. थोडा फाडून बघायचा, ज्या दिशेला सरळ फाटतो ती दिशा पंखाच्या लांबीला लावायची. कडेने डिंक, कागद हलकेच ताणून बसवायचा, सुरकुत्या राहिल्या तरी घाबरायचं नाही. मग फुलांवर मारतात तसा पाण्याचा अगदी बारीक फवारा. ओला झाल्यावर कागद लोंबतो, मुलांचे चेहरे पडतात. आणि वाळायला लागला की एकेक सुरकुती आपोआप निघून तबल्याच्या पुडीसारखा ताठ होतो. टिचकी मारली तर वाजतो. हे होत असताना पंख बोर्डाला टाचून ठेवावा लागतो, नाहीतर कागद इतक्या जोराने आवळतो की सांगाडाच पिळवटतो. नंतर पातळ वार्निशचा एक हात. त्याच्या वासावरून मला बाल्कनीत हद्दपार केलेलं आहे. साधा पतंगी कागदही आम्ही वापरून पाहिला. रंग झकास, पण जरा जड आणि असा आवळत नाही. आणि पावसाळ्यात कोणताही कागद सैल पडतो, ते गृहीत धरायचं.

पंख्याची पाती प्लास्टिकच्या दह्याच्या डब्यातून तिरपी कापली आहेत, डब्याचा बाक आयता मिळतो. रबराला एरंडेलाचा हात. मशीनचं तेल लावू नका, रबर खराब होतं. पीळ द्यायला हातड्रिल. रबर चार-पाच पट ताणायचं, पीळ देत देत पुढे यायचं. आमच्या ड्रिलची एक फेरी म्हणजे चार पीळ. दीडशे फेऱ्या झाल्या की मुलं श्वास रोखून धरतात, कारण रबर तुटलं तर आतून सांगाडा फोडतं. म्हणून रबराभोवती, विमानाच्या पोटात, पीळ देताना एक नळी घालतो.

उडवायला पहाटे सहाचं मैदान. वारा उठायच्या आत. आधी पीळ न देता गवतावर तरंगवून तोल बघायचा. मग पन्नास पीळ, मग शंभर. नाक वर करत असेल तर पंख्याच्या मागे कागदाची बारीक कपची सारून त्याचं तोंड किंचित खाली. एका वेळी एकच बदल. गेल्या जानेवारीत हे विमान ४१ सेकंद उडालं. मोजणारे तिघे होते, तिघांचं घड्याळ जुळलं. बेचाळिसाव्या सेकंदाला ते कडुनिंबात गेलं.

खाली उतरवलं तेव्हा डाव्या पंखाच्या तीन फासळ्या गेलेल्या, कागद फाटलेला. पाचवीतल्या मुलाच्या डोळ्यात पाणी. सात महिन्यांचं काम होतं ते. पण बाकीचे चौघे कडुनिंबाखालीच वाकून काय मोडलं ते मोजत होते. चार नंबर, पाच नंबर, सहा नंबर. पत्र्याचा नमुना घरी होता, नकाशा त्यांचाच होता, लाकूड कोणत्या पट्टीतलं ते वहीत लिहिलेलं होतं. दोन संध्याकाळींत विमान उभं राहिलं. मघाशी ज्यांनी तळहातावर घेतलं, त्यांच्यापैकी कोणाला डावा पंख कुठे जोडलाय ते ओळखता आलं का? नाही ना?

मला लोक विचारतात, तीन हजारात ड्रोन मिळतो, मग हे कशाला? ड्रोन छान असतो. माझ्या नातवाकडे आहे. गेल्या मे महिन्यात तो बंद पडला, तेव्हापासून तो कपाटावर आहे. उघडायचा कुठून हे कोणालाच कळत नाही, मलाही नाही.

आता कामाचं बोलतो. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर या सभागृहात व्यायामाची यंत्रं कायमची बसवण्याचा प्रस्ताव आहे. व्यायामाला माझा विरोध नाही, या वयात विरोध करून चालणारही नाही. पण हे सभागृह ४२ फूट लांब, २६ फूट रुंद आणि १३ फूट उंच आहे. घरात उडवायची साधी विमानं साडेपाच-सहा ग्रॅमची असतात आणि पंधरा फुटांच्या गोलात फिरतात. पावसाळ्याचे चार महिने मैदानावर चिखल असतो, तेव्हा मुलांना उडवायला आख्ख्या वसाहतीत ही एकच जागा आहे. मध्यभागी ट्रेडमिल आली की तो गोल संपला. पंपरूमजवळची जुनी ऑफिसची खोली दोन वर्षं रिकामी आहे, यंत्रं तिथे मावतात. मी मोजून आलो आहे, माप आणि आकृती सेक्रेटरी साहेबांकडे लेखी दिली आहे.

माझी मागणी एवढीच. महिन्यातून दोन रविवारी सकाळी दोन तास सभागृहाचा मधला भाग मोकळा, आणि कुलपाचं एक कपाट. कपाटाची किल्ली नववीतल्या मुलीकडे राहील. माझं लाकूड, माझे नमुने, पन्नास वर्षांचे नकाशे त्यात ठेवणार आहे. हाताचा कंप वाढतोच आहे, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे. तेव्हा निर्णय या सभेत झाला तर बरं, पुढच्या वर्षावर ढकलू नये.

हे पुस मॉथ इथे उडवता येणार नाही, भिंत गाठेल. पण मुलांनी साडेपाच ग्रॅमचं एक आणलं आहे. कृपया पंखे बंद करा. खिडक्यासुद्धा. दाराजवळ उभे आहेत त्यांनी दार लोटून घ्या. आणि मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आहे त्यांनी ते काढा, निदान तिघांनी.